निळ्या नळाचं पाणी

अल ऐन, १२ जानेवारी २००१

ताई,

आईची रेकॉर्ड माझ्याकडे आहे. तू कपाटं उपसली असशील, आईच्या गाण्याच्या मंडळातल्या बायकांना विचारून झालं असेल, म्हणून हेच आधी लिहितो. तेराव्याच्या दिवशी गुरुजींना पोचवायला तू खाली उतरलीस, तेव्हा मी ती वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेवली. चोरी म्हणायचं तर म्हण. फोनवर सांगणार होतो, पण माझा आवाज ऐकला की तू रिसीव्हर ठेवून देतेस.

वर श्री नाही, मायना नाही. आई असती तर तिनं हे पत्र नीट लिहून आण म्हणून परत पाठवलं असतं.

इथे आल्यावर एकदाच वाजवली. ठाण्याच्या ओलीनं तिच्यावर बुरशी धरली आहे, खाचांमध्ये पांढरे ठिपके बसलेत. शेगडीवर पापड भाजत असावेत तसा आवाज, आणि त्याच्या पलीकडे कुठेतरी आई. तुझा तंबोरा तर ऐकूच येत नाही. रिद्धी दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "बाबा, देअर्स अ लेडी इनसाइड द नॉइज." मी अर्ध्यातच सुई उचलली.

मंडळाच्या रौप्यमहोत्सवात शंभर छापल्या होत्या, त्यातली ही एकच उरली. एका बाजूला मंडळाच्या बायका, दुसऱ्या बाजूला आई एकटी. गाणं संपल्यावर माझा आवाज, "आई, झालं का?" रेकॉर्डिंगवाल्याचं तेवढं कापायचं राहून गेलं आणि त्यावरून तू मला मॅट्रिकपर्यंत छळलंस. जेवताना, गणितं सोडवताना, न्हाणीघराच्या दाराबाहेर, "उल्हास, झालं का?"

तेराव्याला तू सगळ्यांसमोर विचारलंस, "तुला काही वाटतच नाही का रे?" मी तेव्हा बुंदीचे लाडू मोजत होतो. मोजतच राहिलो. उत्तर अजूनही शोधतो आहे, सापडलेलं नाही. पोचायला चार दिवस लागले त्याबद्दल म्हणशील, तर इथल्या रजा तुला माहीत आहेत. आमचे पासपोर्ट हॉस्पिटलच्या ऑफिसात ठेवलेले असतात.

पण रेकॉर्ड साफ करता येईल. ते काम मला येतं.

उल्हास


अल ऐन, २३ फेब्रुवारी

ताई,

तुझं कार्ड मिळालं. एकच ओळ आहे, तरी दोनदा वाचली. "वर्षश्राद्धाला मंडळाच्या सगळ्या येणार आहेत, रेकॉर्ड तोवर परत हवी." यंदा अधिक महिना आहे, म्हणजे तिथी डिसेंबरअखेर येते. भरपूर वेळ आहे. "आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास" असं तू आत्ता म्हणालीस ते मला इथे ऐकू आलं. आणि फाल्गुन खरंच उद्यापासून लागतो.

तर ऐक. आमच्या हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं धुवायला एक टाकी असते. स्टीलची, मोठ्या पातेल्याएवढी. तिच्या बुडाला चकत्या चिकटवलेल्या असतात, त्या इतक्या वेगानं थरथरतात की आपल्या कानाला तो आवाज पोचत नाही. त्यानं पाण्यात बारीक बुडबुडे उठतात आणि फुटतात, आणि फुटताना बारक्या फटीतली घाण ओढून काढतात. कात्रीच्या बिजागरीतलं रक्त निघतं, मग खाचेतली बुरशी का निघू नये?

अशी एक टाकी भंगारात जायची होती. त्या विभागाची प्रमुख शहरबानू, हैदराबादची. मी विचारल्यावर तिनं लगेच कागदावर सही करून दिली. "ले जाओ उल्हासभाई, इसका तो खलास हो गया. क्या धोओगे?"

"गाना," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. बाई हुशार आहे.

चारपैकी दोन चकत्या मेलेल्या होत्या, त्या बदलल्या. हीटर चालतो, पण पाणी तापलं की आपोआप बंद व्हायला हवा तो होत नाही. तेवढं मी घड्याळ लावून सांभाळतो. रेकॉर्ड पाण्यात उभी फिरवायची असते, तीही सावकाश. त्यासाठी आमच्या बिघडलेल्या मायक्रोवेव्हची आतली थाळी फिरवणारी मोटर काढली. मिनिटाला तीन फेरे. तिला एक सळई, सळईत रेकॉर्ड, दोन्हीकडून रबराचे वॉशर. अर्चना म्हणाली, "अहो, तो मायक्रोवेव्ह दुरुस्त करायचा होता ना?" होता खरा.

टाकी चालते की नाही ते बघायला पाण्यात चांदीचा कागद सोडतात, पोळ्या गुंडाळतो तो. एका मिनिटात त्याला टाचणीनं टोचल्यासारखी शेकडो भोकं पडली. रिद्धीनं तो उजेडासमोर धरला. मला आनंद व्हायला हवा होता. मी वहीत वेळ लिहून ठेवली.

उल्हास


अल ऐन, ६ एप्रिल

ताई,

अबुधाबीहून एक इंग्रज कायमचा निघाला होता, त्याच्याकडून जुन्या रेकॉर्डींची पेटी आणली. त्यावर हात साफ केला. पहिली फुकट गेली, तिचं कागदी लेबल भिजून निघून आलं. तेव्हापासून पाणी लेबलाच्या दोन बोटं खाली ठेवतो. त्यामुळे लेबलाजवळच्या शेवटच्या खाचा कोरड्या राहतात, तेवढी धूळ तशीच राहते. पण आईच्या रेकॉर्डीच्या लेबलावर तिचं नाव छापलेलं आहे, सौ. मनोरमा, आणि खाली तिनं शाईच्या पेनानं लिहिलंय, "विभा व उल्हास यांस". ते भिजवायचं नाही.

सहाव्या रेकॉर्डीपासून जमलं. बाकीच्या अगदी नव्यासारख्या निघाल्या. मग सगळं एका कार्डावर लिहिलं आणि टाकीच्या वर भिंतीला चिकटवलं. निळ्या नळाचं पाणी. हीटर वीस मिनिटं. बंद करून हात घालून बघणे, कोमट हवं. साबणाचे चार थेंब. रेकॉर्ड, दहा मिनिटं. नव्या माणसालाही जमेल असं लिहिलंय. मशीनच्या बाबतीत मी कधी डोक्यावर विसंबत नाही, कार्ड लिहितो आणि कार्डाप्रमाणे करतो. आमच्या धंद्यात याला शिस्त म्हणतात.

तू विचारशील, मग आईची का नाही धुतलीस? तिची वेळ आली की काहीतरी आठवतं. परवा गाडीचं सर्व्हिसिंग आठवलं.

नळावरून आठवलं. शहाण्णव साली तू आणि आई जुलैत आला होतात. पहिल्याच सकाळी तू निळा नळ सोडलास आणि अशी किंचाळलीस की वरचा मलबारी धावत आला. इथे उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी उन्हानं तापतं, निळा नळ कढत. म्हणून मे महिना लागला की सगळे गीझर बंद करतात. मग गीझरच्या टाकीतलं पाणी एसीच्या गारव्यात थंड होतं आणि गार पाणी लाल नळाला येतं. आई हसून हसून पलंगावर आडवी झाली होती. म्हणाली, "अगंबाई, या देशात देव तरी सरळ उगवतो का?" तुझ्या हाताला टूथपेस्ट लावत होती आणि हसत होती.

आमच्याकडे गीझर बंद करायचं काम अर्चनाचं. ती बटणावर चिकटपट्टी लावते, कोणी चुकून सुरू करू नये म्हणून.

हे सगळं मला आठवतं. नुसतं आठवतं, ताई. दुसऱ्या कुणाच्या घरचं आठवावं तसं.

उल्हास


अल ऐन, १५ जून

ताई,

अर्चना आणि रिद्धी सुट्टीला नाशिकला गेल्या आहेत, अर्चनाच्या भावाकडे. तू फोन केलास तर घरी मी एकटाच असेन. करणार नाहीस, तरी सांगून ठेवतो.

माझं बरं चाललंय. ड्यूटी, घर, वरणभात. ऊन फार आहे.

रेकॉर्ड लवकरच करतो.

उल्हास


अल ऐन, ३ ऑगस्ट

ताई,

काम चालू आहे. रेकॉर्ड अगदी स्वच्छ झाली, आरशासारखी. अजून एक-दोन गोष्टी बाकी आहेत म्हणून पाठवली नाही. काळजी करू नकोस.

उजव्या हातानं लिहिणं थोडं अवघड जातंय म्हणून अक्षर असं आहे.

उल्हास


अल ऐन, ५ ऑक्टोबर

ताई,

मागच्या पत्रात रेकॉर्ड स्वच्छ झाली लिहिलं ते खरं आहे. ती वाकली हे लिहिलं नाही.

क्रमानं सांगतो. अर्चना सुट्टीला गेलेली नाही. ती एप्रिलच्या शेवटी गेली, रिद्धीचा शाळेचा दाखला घेऊन. भांडण झालं नाही, आमच्यात भांडण व्हायला निदान दोघं तरी लागली असती. जाताना म्हणाली, "घरात माणूस आहे की नाही तेच मला कळत नाही हो. आई गेल्या तेव्हापासून मी वाट बघतेय. तुम्ही रडाल, नाहीतर माझ्यावर ओरडाल, काहीतरी कराल. तुम्ही टाकी बनवलीत." मी तिच्या बॅगांचं वजन करून दिलं. रिद्धीनं विमानतळावर विचारलं, "बाबा, आर यू ओके?" मी "येस" म्हटलं. खोटंही नव्हतं. मला काहीच होत नव्हतं.

मग मे आला, जून आला. ड्यूटी चालू होती.

एकोणतीस जुलैला, रविवारी दुपारी, आईची रेकॉर्ड धुवायला घेतली. भिंतीवरचं कार्ड वाचलं. थंडीत, फेब्रुवारी-मार्चमध्ये मी जे करत होतो तेच त्यावर लिहिलेलं. निळा नळ. मी निळ्या नळाचं पाणी भरलं. हीटर वीस मिनिटं लावला. बंद करून हात घातला. कोमट वाटलं. मी चार बोटं तशीच पाण्यात ठेवून खिडकीबाहेर बघत होतो, किती वेळ ते सांगता येणार नाही. मग साबण, मग रेकॉर्ड, मग दहा मिनिटं. घड्याळ लावलं होतं.

बाहेर काढली तेव्हा एक ठिपका नव्हता. टेबलावर ठेवली तर कड एकीकडे वर आणि एकीकडे खाली, तव्यावर पोळीची कड उचलते तशी. मी दोन जाड पुस्तकं ठेवून बघितली. ती होती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी कामावर शहरबानूनं माझा हात धरला. "या अल्ला! ये हाथ कहाँ डाला?"

बघितलं तर चार बोटांना फोड आले होते. मी म्हटलं, "पानी में. निळा, मतलब ब्लू नल का पानी था."

"जुलाई में? ब्लू नल?" ती माझ्याकडे बघत राहिली. "उल्हासभाई, घर का गीझर किसने बंद किया इस साल?"

मी घरी येऊन बघितलं. न्हाणीघरात गीझरचा लाल दिवा पेटलेला होता. बटणावर चिकटपट्टी नव्हती. म्हणजे मे, जून, जुलै दोन्ही नळांना कढत पाणी येत होतं आणि मी रोज सकाळी त्याच पाण्यानं आंघोळ करत होतो. एकदाही माझ्या लक्षात आलं नाही. तू एका क्षणात किंचाळली होतीस.

तू विचारलं होतंस ना, काही वाटतच नाही का? नव्हतं वाटत, ताई. उद्धटपणा नव्हता तो. खरंच नव्हतं.

आणखी एक आहे, तेही सांगून टाकतो. रजा इथे अडवत नाहीत. तुझा फोन आला तेव्हा मी डायलिसिसच्या मशीनचं माप जुळवत होतो. आई गेली असं तू सांगितलंस, मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि ते मशीन पूर्ण केलं. मग पुढचं मशीन घेतलं. रजेचा अर्ज दिला तो तिसऱ्या दिवशी दुपारी. आमचा मुदीर, मोठा साहेब, अर्ज वाचून खुर्चीतून उठून उभा राहिला. "युवर मदर? अँड यू आर टेलिंग मी नाऊ?" दहा मिनिटांत त्यानं पासपोर्ट हातात ठेवला. तुम्ही माझ्यासाठी आईला दुसऱ्या दिवसापर्यंत बर्फावर ठेवलं होतं, हे मला उल्हासनगरच्या मामांकडून कळलं.

रेकॉर्ड मी बिघडवली. चूक टाकीची नाही, पाण्याची नाही. मंडळाच्या बायकांना काय सांगायचं ते तू ठरव. माझं नाव सांग.

उल्हास


अल ऐन, ७ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र आलं. मी पाकीट दोन दिवस फोडलं नाही. शिव्या असतील, त्या वाचायची तयारी करत होतो. आत एवढंच होतं, "हात डॉक्टरला दाखवलास का? खरं लिही."

दाखवला. बोटं बरी आहेत. अंगठ्याशेजारच्या बोटाची कातडी अजून गुलाबी आहे आणि गरम कपाला लागली की झोंबते. झोंबते, ताई. हे मी मुद्दाम लिहितोय.

तुझी ती ओळ वाचून मी कामावर गेलो नाही. आजारी म्हणून कळवलं, चौदा वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. मग जुलैपासून पुस्तकांखाली ठेवलेली रेकॉर्ड काढली.

कड वाकलेली आहे, तिथे सुई उडते. गाण्याचा पहिला भाग गेला तो गेलाच, तो परत येणार नाही. मध्ये कुठे कुठे एखादी ओळ लागते आणि लागते ती अशी स्वच्छ की तुझ्या तंबोऱ्याच्या तारासुद्धा मोजता येतात. आईचा श्वास ऐकू येतो. पण ओळ पुरी व्हायच्या आत सुई उडते.

लेबलाजवळच्या त्या दोन बोटांना पाणी लागलं नव्हतं. तिथे बुरशी आहे तशी आहे, पण रेकॉर्ड सपाट आहे. मी हातानं सुई तिथे ठेवली. पापड भाजल्याचा तो आवाज आला, आणि त्यात आईची शेवटची ओळ, तंबोरा, आणि मग मी. "आई, झालं का?"

तुला आठवतं, आपल्या ठाण्याच्या प्लेअरचा दांडा आपोआप उचलला जायचा? माझा आवाज आला की खटकन वर. आपण समजत होतो रेकॉर्ड तिथे संपते. माझ्या इथल्या प्लेअरचा दांडा हातानं उचलावा लागतो. मी उचलला नाही, हात पुढे केलाच नाही. पुढे अजून आहे, ताई. तीस वर्षं आपण ते ऐकलेलं नाही.

आधी तंबोरा थांबतो. तू थांबवलेला. मग आई, अगदी घरातल्या आवाजात, "झालं रे." आणि मग तुला, "विभा, जवळ घे गं त्याला. घाबरलाय तो."

त्यानंतर कपड्यांची सळसळ आहे. तू उठली असशील.

मी ते किती वेळा लावलं ते मोजलं नाही. मी रडलो. दुपारी दोन वाजता, जमिनीवर बसून, मोठ्यानं. वरच्या मलबाऱ्यानं दार वाजवलं, "भाईसाब, सब ठीक?" मी म्हटलं, "नहीं." तो आत येऊन माझ्याशेजारी बसला. त्यानं चहा केला, त्यात साखर फार होती.

संध्याकाळी नाशिकला फोन लावला. अर्चनाला म्हटलं, "आई गेली गं." बारा महिन्यांनी सांगितलं. ती म्हणाली, "हो. मला माहितीये. बोला तुम्ही." ती परत येईल असं काही म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही. रिद्धीला सगळं ऐकवायचंय, तेवढं ठरलं.

रजा मागितली. पहिल्याच दिवशी. चोवीस तारखेच्या विमानानं निघतो, श्राद्धाच्या चार दिवस आधी पोचेन. रेकॉर्ड सामानात टाकणार नाही, मांडीवर घेऊन येईन. हातानं चालवायचा दांडा असलेला प्लेअरही आणतोय. मंडळाच्या बायकांना गाणं ऐकवता येणार नाही, तेवढं त्यांना तूच समजावून सांग. तू मात्र शेवट ऐक. आधी तू एकटी ऐक, मी बाहेर गॅलरीत थांबेन.

इथे आता थंडी पडली आहे. गीझर परवा सुरू केला आणि भिंतीवरचं कार्ड फाडून टाकलं. सकाळी निळा नळ सोडून खाली हात धरला. पाणी गार होतं. मी लगेच हात मागे घेतला.

तुझा,
उल्हास